वजनावर घेतलेला अँटेना

जुन्या एमआयडीसीत, रोलिंग मिलच्या मागल्या अंगाला,
इद्रीसच्या अड्ड्यावर लोखंड ढिगानं पडतं:
सायकलींचे सांगाडे, पिचलेले फाळ, बोअरचे गंजके पाइप,
आणि या मंगळवारी
लिलावातून उचललेलं लष्कराचं भंगार.
त्यात पाच कांड्या, हिरव्या,
एकीत एक पेचानं बसणाऱ्या,
बुडाशी अंगठ्याएवढी, शेंड्याला विणायच्या सुईएवढी.
बूड वेगळं: जाड स्प्रिंग, काळं रबर, चिनीमातीचा गट्टू.

"तू तो तांबा लेने आई थी,
ये डंडा कायको?" इद्रीस म्हणाला.

दुसरा एक निवडून ठेवला होता मी,
पुण्याहून येणारा, चकचकीत स्टीलचा,
सहा हजार आठशे, कुरिअर वेगळं,
चित्रात एका पांढऱ्या गाडीवर मिरवणारा.
माझी गाडी पांढरी नाही.
माझी कमांडर, शहाण्णवची,
जळक्या मोटारी, पंप, एकदा एक बकरी वाहिलेली,
मंठ्याच्या रस्त्यानं बाभळींचे फटके खाणारी.

फोन लावला टेकाळे सरांना, अंबाजोगाईला.
तिसाव्या वर्षापर्यंत दिसायचं त्यांना,
नंतर सगळं कानांवर आलं.
म्हणाले, रंग सांगू नकोस. चुंबक लाव.
चिकटलं.
आता कानस मार जराशी.
हिरव्याखाली लाल दिसलं.
"म्हणजे आत पोलाद, वर तांबं. चांगलंय.
लाट कातडीवरूनच पळते, पोरी,
आतलं नुसतं उभं राहायला."
चिनीमाती नखानं वाजव. फोन जवळ धर.
टिण्.
"परत."
टिण्.
"तडा नाही. जोड सगळ्या. वाकव. सोड."

बूड व्हाइसमध्ये आवळलं,
शेंडा धरून पार जमिनीला टेकवला
आणि सोडला.
काट्यावरची दोन माणसं मटकन खाली बसली.
फोनमध्ये सर हसले.

मग भावाची घासाघीस.
"कानस तूनेच मारी, तांबा तूनेच दिखाया,
अब लोहे का भाव कायको लगाऊं?"
दोनदा चहा झाला.
चार किलो सातशे भरलं. साडेचारशे रुपये,
वर त्याच्या कूलरची मोटर फुकट बांधून द्यायची.
घेतला नसता तर बुधवारी भट्टी,
शुक्रवारी आठ एमएमची सळई,
आणि जन्मभर कुणाच्या तरी स्लॅबमध्ये आडवा.

तिसऱ्या कांडीवर खिळ्यानं ओढलेल्या रेघा आहेत,
एकोणीस.
दिवस असतील, किंवा पत्रं, किंवा नुसता कंटाळा.
सांध्यांवर टेप गुंडाळली,
तिथं नाही गुंडाळली.

चाळीस मीटरला लांबी पुरत नाही त्याची.
पुरत नाही तेवढं वेढ्यांत द्यायचं,
आमचं दुकान त्यावरच चाललंय दोन पिढ्या.
पीव्हीसीच्या तुकड्यावर चौदा गेजचे त्रेचाळीस वेढे,
मग मीटर बघत दोन सोडले,
अजून एक सोडला,
तो परत घातला.
काटा दीडवर येऊन बसला, खाली उतरेना.
बाबा असते तर म्हणाले असते,
मोटर फिरायली ना? मग बास कर, जेव.

रविवारी पहाटे रामनगरच्या पुढं
एक फांदी टपावर आली.
अँटेना मागं निजला, आणि उठला.
बटण दाबलं, नाव सांगितलं, गाव सांगितलं.
नुसती खरखर.
बिदरचा कुणीतरी कुणाला तरी हवा विचारत होता.
मग सर, विहिरीतून बोलावं तसे:
"पाच आणि सात. ऐकू यायलीस.
मागून शीळ येतेय अल्टरनेटरची, कार्बन बघ.
आणि तो हलायलाय.
हलला की तू जराशी जवळ येतीस,
जराशी लांब जातीस.
राहू दे. बांधू नकोस त्याला."